पायाला बांधलेली चिठ्ठी

बंगळूर
९ जुलै २०२३

ती. संघपालकाका यांना,
सविनय जय भीम.

फोनवर आपलं बोलणं म्हणजे मी ओरडायचं आणि तुम्ही "हां हां, जेवलो" म्हणायचं. ऑफिसातले लोक दचकून बघतात. तेव्हा आजपासून पत्र. तुमचे कान गेले तरी डोळे शाबूत आहेत, आणि घरात अक्षर कुणाचं चांगलं तर संघपालचं, असं आजोबा आम्हाला टोचून सांगायचेच.

आता कामाचं. मागच्या महिन्यात मी आले तेव्हा आपण कन्नडच्या घाटात उंबरघळीला गेलो होतो. तुम्ही घळीच्या तोंडाशी दगडावर बसून राहिलात, गुडघा दुखतो म्हणालात. मी एकटीच आत गेले. झऱ्याच्या कडेला माशीमार गात होता. चिमणीएवढा, पाठ निळी, छाती नारिंगी, उडत्या माशा टिपणारा. हा पक्षी आपल्याकडे पुष्कळ डोंगरांत आहे, एरवी मी थांबलेही नसते. पण त्याची शीळ वेगळी होती. शेवटचा सूर खाली उतरायच्या ऐवजी वर जाऊन थांबत होता. मी ती रेकॉर्ड करून आणली आणि इथल्या संग्रहालयातल्या दीडशे आवाजांशी ताडून पाहिली. काका, ती एकाशीही जुळत नाही.

लगेच पेढे वाटू नका. शीळ वेगळी म्हणून पक्षी वेगळा, असं होत नाही. देवगाव रंगारीची बोली वेगळी म्हणून तिथली माणसं काही वेगळ्या जातीचे प्राणी नसतात. आणि या माशीमारांची वर्गवारी मुळातच फसवी. स्वर्गीय नर्तक या लांब शेपटीच्या पक्ष्याला आपण वर्षानुवर्षं माशीमार म्हणत आलो, तो निघाला भलत्याच कुळातला. म्हणून पुरावा हवा. घळीत गळून पडलेली पिसं आणि सोडून दिलेलं एखादं घरटं मिळालं तर पाठवाल का? वनखात्याच्या परवानगीची प्रत सोबत आहे. चौतीस वर्षं तुम्ही त्याच खात्यात वनरक्षक होता, तुम्हाला कोण अडवणार म्हणा, पण कागद असू द्या.

काकूंना नमस्कार.
तुमची
सुलेखा


भावसिंगपुरा, औरंगाबाद
२ ऑगस्ट २०२३

चि. सुलेखास,
जय भीम आणि आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमन कृष्णा म्हणाला, "काका, लई वर्षांनी कुणाचं तरी हातानं लिहिलेलं पत्र आणलं बघा." त्याला चहा पाजला. आता शहराचं नाव बदलतंय तर पत्त्यात काय लिहू, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "काय बी लिहा, पिनकोड तेवढा नीट टाका."

सोबत एका डबीत सात पिसं आहेत, दुसऱ्या खोक्यात घरटं. घळीखालच्या वस्तीवर आपला कडूबा राहतो, म्हशी चारतो. तो आत जाऊन घेऊन आला. मी बाहेरच थांबलो. गुडघ्याचं तुला माहीत आहेच.

ते पाखरू तिथं पूर्वीपासून आहे. गुराखी त्याला शीळपाखरू म्हणतात. त्याचं काही वेगळं असेल हे ऐकून मला नवल वाटलं नाही, इतकंच लिहितो.

एक वाईट बातमी. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली आहे. घळीच्या वरच्या अंगाला खडीची खाण आणि क्रशर टाकायचा अर्ज आहे. कडूबा म्हणतो, "एकदा सुरुंग लागायला लागले की झरा बी जाईन आन् पाखरू बी जाईन." त्याचं खरं आहे. तो डोंगर आतून पोकळ आहे, मी चालून बघितलेला आहे.

इथं आमचं बरं आहे. विहारात वंदना मी सांगतो, पंचशीलाला वच्छलाबाई पुढं होतात, ते पहिल्यापासून आहे तसंच आहे. तुझी काकू लीलाबाई म्हणते, पोरीला लिहा की जेवणाच्या वेळा पाळ.

तुझा
काका


बंगळूर
२० नोव्हेंबर २०२३

ती. काका,
सविनय जय भीम.

बसून वाचा. पिसांचा डीएनए तपासून झाला. तीनदा तपासला, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही. उंबरघळीतला माशीमार बाकीच्यांपासून फार पूर्वी तुटलेला आहे. ही स्वतंत्र प्रजाती आहे, असं मांडता येईल. मी या संग्रहालयात लागून आठ वर्षं झाली, असं माझ्या टेबलावर कधी आलं नव्हतं.

खाणीचं तुम्ही लिहिलंत, त्याचाही रस्ता यातूनच निघतो. मी सुनावणी घेणाऱ्या समितीतल्या एकांशी बोलले. ते म्हणाले, "बाई, तुमचा पक्षी आमच्या यादीत साधा माशीमार आहे, तो कुठंही मिळतो. वेगळा आहे म्हणता तर त्याचं नाव दाखवा." नाव नाही म्हणजे कागदावर तो पक्षीच नाही. सुनावणी पुढच्या जुलैत आहे.

आणि नाव द्यायला एक गोष्ट लागते, ती कशी सांगू हे दोन दिवस ठरवत होते. नव्या प्रजातीला नाव देताना त्या जातीचा एक पक्षी मूळ नमुना म्हणून कायमचा जपून ठेवावा लागतो. पुढं शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर त्यानं तो काढून बघायचा. फोटोवर किंवा पिसांवर भागवायचा प्रयत्न झालेला आहे, पण अशा नावांवर भांडणं होतात आणि समितीपुढं ती टिकत नाहीत. थोडक्यात, एक नर पकडून मारावा लागेल. एकच, काका. त्या एकाच्या बदल्यात अख्खी घळ वाचेल.

नाव मी ठरवलेलं आहे. तुमचं. संघपाल हे नाव जगातल्या पक्ष्यांच्या प्रत्येक पुस्तकात छापलं जाईल. मेच्या शेवटी ये, असं तुम्ही म्हणालात की मी येते. त्यांच्या बसायच्या जागा तुमच्याइतक्या कुणाला माहीत नाहीत.

तुमची
सुलेखा


भावसिंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
११ डिसेंबर २०२३

चि. सुलेखा,

जागा दाखवणार नाही. पाखरू मारू नको. माझं नाव तर त्याला अजिबात देऊ नको, ते मला सोसायचं नाही.

पंचशीलातलं पहिलं शील तुला मी शिकवलेलं आहे. जीव घ्यायचा नाही. ते तू विसरली नसशील.

थंडी पडली आहे. काकू बरी आहे.

संघपाल


बंगळूर
२६ जानेवारी २०२४

ती. काका,
जय भीम.

महिनाभर उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर जास्तच लिहिलं असतं.

शील मी विसरलेले नाही. पण तुम्ही मला शील एवढंच शिकवलं नव्हतं. पुराव्याशिवाय बोलू नको, कुणी सांगितलं म्हणून मानू नको, हेही तुम्हीच शिकवलंत. मी पुरावा मांडला तर तुम्ही चार ओळींत दार लावून घेतलंत. सुरुंग लागल्यावर त्या घळीतली पिल्लं काय शीलाच्या आधारानं जगतील? एका पक्ष्याचं पाप नको म्हणून सगळे मेले तरी चालतील, पण आपले हात स्वच्छ राहिले पाहिजेत, असं हे झालं. काका, रागावू नका, पण मला यात करुणा दिसत नाही. अहंकार दिसतो.

माझ्या वडिलांच्या मागं तुम्ही मला शिकवलंत, पक्षी दाखवलेत. म्हणून हे तोंडावर लिहिते.

एका नराचा परवाना मी मागितला होता, तो मिळाला आहे. २५ मे ते ५ जून मी कन्नडला असेन. जागा दाखवायला आला नाहीत तरी चालेल. मी शोधीन.

सुलेखा


भावसिंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
३ एप्रिल २०२४

चि. सुलेखास,
जय भीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा तुझ्या काकूला दिलं. तिनं वाचून घडी केली आणि माझ्या हातात ठेवून म्हणाली, "आता सांगून टाका." तिला सगळं ठाऊक आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सांगितलं होतं. तिच्यानंतर हे ऐकणारी तू पहिलीच.

तू अहंकार म्हणालीस ते खोटं नाही. पण माझे हात स्वच्छ आहेत असं तू धरून चाललीस, तिथं तुझं चुकलं. ती चूक मीच तुझ्याकडून करवून घेतली.

१९८१ सालचा जून. मी चोवीस वर्षांचा, वनखात्यात रोजंदारीवर. एक साहेब पक्षी गोळा करायला कन्नडला आले. सरकारी परवाना होता, माणूस सज्जन होता. दुसऱ्याच दिवशी घाटात त्यांचा पाय मुरगळला. मग ते विश्रामगृहाच्या व्हरांड्यात पाय वर करून बसायचे आणि जाळं घेऊन मी एकटा हिंडायचो. सापडलेलं पाखरू कसं मारायचं तेही त्यांनी शिकवलं. छातीच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं ठेवायची आणि दाबून धरायची. रक्त नाही, पिसं मोडत नाहीत. मिनिटभराचं काम. माझं काम बघून ते म्हणाले, "संघपाल, तुमचा हात फार हलका आहे. तुम्हाला कायम करा, असं मी वर लिहितो."

उंबरघळीत मी १७ जूनला गेलो. शीळपाखराचं घरटं झऱ्याजवळच्या कपारीत होतं, आत तीन पिल्लं. नर जाळ्यात आला. तो माझ्या मुठीत होता तेव्हा मादी समोरच्या फांदीवर येऊन बसली. तिच्या चोचीत माशी होती. ती माशी तिनं गिळलीही नाही आणि टाकलीही नाही. तिच्यादेखत मी बोटं दाबली. मला कायम व्हायचं होतं.

साहेब खूश झाले. त्यांनी पाखरू उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "रंग जरा गडद दिसतो. असे अजून चार-पाच आणा. कुठं मिळाला हा?" त्यांच्या हातात लेखणी होती आणि मांडीवर ती पायाला बांधायची चिठ्ठी. मला ती मादी दिसत होती. मी म्हणालो, "देवगाव रंगारी. तळ्याकाठच्या बाभळीत." आपल्या गावाचं नाव पहिलं तोंडात आलं. त्यांनी तसंच लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी मला जाळं देऊन देवगावला धाडलं.

दोन दिवस मी आपल्याच घरी बसून राहिलो. जाळं बघून आबा म्हणाले, "काय रं, पाखरं मारतो का काय तू?" मी म्हणालो, "नाय आबा, मोजतो." छप्पन साली दीक्षा घेऊन आलेले माझे वडील, त्यांच्या तोंडावर मी हे बोललो. मग रिकाम्या हातानं कन्नडला आलो. साहेबांना सांगितलं, देवगावला आता एकही नाही.

पाचव्या दिवशी घळीत गेलो. घरट्यात मुंग्या होत्या. मादी कुठं दिसली नाही.

साहेबांनी शब्द पाळला. पुढच्या वर्षी मी कायम झालो. त्या नोकरीवर घर चाललं, तुझ्या बापाचं आजारपण निघालं, तू शिकलीस. चौतीस वर्षांत उंबरघळीची गस्त मी दर वेळी दुसऱ्याच्या माथी मारली. घळीच्या तोंडाशी बसतो तो गुडघ्यामुळं नाही. विहारात पहिलं शील माझ्या तोंडून निघत नाही म्हणून पंचशील वच्छलाबाईंकडं दिलं. लोकांना वाटतं, बायामाणसाला मान दिला. वनखात्यानं निवृत्तीच्या वेळी शाल दिली आणि मला पाखरांचा पालक म्हणाले, ती शाल मी एकदाही अंगावर घेतलेली नाही. त्या पाखराची शीळ मला कुठंही ऐकू यायची, बाजारातसुद्धा. कान गेले तेव्हा सगळ्यांना वाईट वाटलं. मला थोडं बरं वाटलं होतं.

आता ज्यासाठी हे लिहिलं ते. ते साहेब तुझ्याच संग्रहालयाचे होते. तुझं नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी सगळे पेढे खात होते आणि मी कागदाच्या कोपऱ्यातलं चिन्ह बघत होतो. त्यांच्या चिठ्ठ्यांवर तेच छापलेलं असायचं. तुला एक मेलेला नर पाहिजे. तो तुझ्याकडं आहे. देवगाव रंगारीच्या नावाखाली बघ. मी एक मारलेला आहे, सुलेखा. दुसरा मारू नको.

तुझा
काका


बंगळूर
२० एप्रिल २०२४

ती. काका,
सविनय जय भीम.

तो सापडला. माशीमारांच्या कपाटात, खालून तिसऱ्या खणात, पाठीवर झोपवलेला. पोटात कापूस, डोळ्यांच्या जागी कापूस, पाय एकावर एक बांधलेले. त्रेचाळीस वर्षांनंतरही पाठ निळी आहे. चिठ्ठीवर साहेबांचं बारीक अक्षर: नर, १७ जून १९८१, देवगाव रंगारी, आणि गोळा करणारा म्हणून साहेबांचं नाव. मी तो खण आजवर वीसदा तरी उघडला असेल.

चिठ्ठीच्या मागं पेन्सिलीनं, नंतरच्या कुणीतरी लिहिलंय: "रंग वेगळा वाटतो, पण ठिकाण संशयास्पद. सपाटीवरचं शेतीचं गाव, हा पक्षी तिथं असणं शक्य नाही. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असावी." म्हणजे याआधी निदान एका अभ्यासकाला हा पक्षी वेगळा वाटला होता. त्यानं गावाचं नाव वाचलं आणि पक्षी परत ठेवून दिला.

मी जानेवारीत जे लिहिलं ते परत घेता येत नाही. माफी मागते. तुम्ही त्या दगडावर बसला होता आणि मी आतून ओरडून सांगत होते, काका, काय सुंदर गातोय. हे सारखं आठवतं. आणखी एक. आजवर माझ्याही हातांनी पक्षी गेलेत. किती, ते मी परवापर्यंत कधी मोजलं नव्हतं. अकरा. सगळे परवान्याचे, सगळे नियमानं. तुमचं पत्र वाचल्यावर मोजले.

मेचा परवाना मी परत केला. जाळं लावणार नाही.

आता अडचण. पायाच्या तळव्यातून कातडीचा कण घेऊन डीएनए काढता येईल, पिसांशी जुळेल याची मला खात्री आहे. पण मूळ नमुना म्हणून हा पक्षी धरायचा तर त्याचं खरं ठिकाण सिद्ध करावं लागेल. चिठ्ठी म्हणते देवगाव. ती खोटी आहे हे सांगणारा जगात एकच कागद आहे, तो म्हणजे तुमचं ३ एप्रिलचं पत्र. ते नोंदीला लावावं लागेल. त्यातला मजकूर शोधनिबंधात येईल. तुम्ही मारलंत, तुम्ही खोटं सांगितलंत, हे वनखात्यातले लोक वाचतील. विहारातलेही वाचतील.

तुमची मान खाली जाईल असं काही मी तुमच्या होकाराशिवाय करणार नाही. नाही म्हणालात तर ते पत्र माझ्या पेटीत राहील आणि मी दुसरा रस्ता शोधीन. तो मला आज तरी दिसत नाही, हेही खरं सांगते.

तुमची
सुलेखा


भावसिंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
२३ मे २०२४, बुद्धपौर्णिमा

चि. सुलेखास,
जय भीम.

महिनाभर रोज एक पत्र मनात लिहिलं आणि रोज फाडलं. सदुसष्टाव्या वर्षी माणसाजवळ लोकांनी दिलेला मान एवढंच उरलेलं असतं. तो सोडायचा म्हटलं की जिवावर येतं, हे तुला खोटं कशाला सांगू.

काल कडूबा आला होता. खाणवाल्यांनी वरच्या अंगाला चुन्याच्या खुणा मारल्यात म्हणाला. मी घळीचं नाव लपवलं ते पाखरू वाचावं म्हणून. चाळीस वर्षं मी स्वतःला तेवढंच एक पुण्य मोजत आलो. आणि आज समितीच्या कागदावर ते पाखरूच नाही, ते माझ्या त्या लपवण्यामुळं. लपवून काही वाचत नाही.

पत्र नोंदीला लाव. पूर्ण लाव. आबांशी बोललेलं खोटंही काढू नको.

दोन गोष्टी मागतो. नाव उंबरघळीचं दे. आपल्या आबांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यात गेली म्हणून त्यांचं नाव फकिरा ठेवलं, मरणानं नाव ऐकून तरी सोडावं म्हणून. नावानं कुणी जगत नाही हे मला कळतं. पण जो कुणी त्या पाखराचं नाव घेईल त्याच्या तोंडी घळीचं नाव आलं पाहिजे. मी जे गिळलं ते आता दुसऱ्यांनी उच्चारावं.

दुसरी. माझं नाव पाखराला नको, त्याच्या पायाला बांध. चिठ्ठीवर साहेबांचं नाव आहे, पण त्याला त्यांनी मारलेलं नाही. मारणाऱ्याचं नाव तिथं पाहिजे.

आज विहारात पंचशील वच्छलाबाईंनीच सांगितलं. अजून होत नाही.

काका


बंगळूर
१८ फेब्रुवारी २०२५

ती. काका,
सविनय जय भीम.

शोधनिबंध छापून आला. सोबत प्रत आहे. इंग्रजी आहे, पण पहिल्या पानावर फोटो आहे, आणि नावातली उंबरघळ तुम्हाला अक्षरांवरून ओळखू येईल. तळव्याचा कण आणि कडूबाची पिसं तंतोतंत जुळली. परीक्षकांपैकी एकानं विचारलं होतं की त्रेचाळीस वर्षांनी बदललेल्या ठिकाणावर विश्वास का ठेवावा. मी उत्तरादाखल तुमच्या पत्राचं भाषांतर पाठवलं. त्यांनी ठिकाण मान्य केलं.

सुनावणी जुलैत पुढं ढकलली होती, ती गेल्या आठवड्यात झाली. खाणीचा अर्ज तूर्त थांबवला आहे. कायमचा नाही. घळीची पुन्हा पाहणी होईल, आणि तोवर सुरुंग लागणार नाहीत. वनखात्याच्या माणसांनी कडूबाला बरोबर घेऊन मोजणी केली, चार जोड्या मिळाल्या. एवढंच हातात आलंय. मला वाटलं होतं नाव दिलं की सगळं एकदम सुटेल. तसं नसतं.

चिठ्ठीचं सांगते. आमच्याकडं जुनी चिठ्ठी कधीच काढत नाहीत, ती चुकीची असली तरी. ती तशीच राहते आणि तिच्याखाली नवी बांधतात, म्हणजे काय चुकलं आणि कुणी दुरुस्त केलं हे दोन्ही दिसतं. नवी मी माझ्या हातानं लिहिली. मजकूर असा आहे: "उंबरघळ, कन्नडचा घाट. १७ जून १९८१. पकडून मारणारा: संघपाल फकिरा निकाळजे. ठिकाण त्यांच्याच पत्रावरून दुरुस्त, ३ एप्रिल २०२४." गाठही मीच मारली. मग खण लावला.

अजून एक कागद आहे, तो फक्त तुमच्यासाठी. त्या माशीमाराच्या शिळेचं चित्र. आवाज यंत्रातून काढला की असा कागदावर उमटतो. डावीकडून उजवीकडं वाचायचा. रेघ वर गेली की सूर चढला, खाली आली की उतरला. ऐकू येत नसलं तरी वाचता येईल, असं वाटलं. नको वाटलं तर ठेवून द्या.

तुमची
सुलेखा


भावसिंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
१२ मे २०२५, बुद्धपौर्णिमा

चि. सुलेखास,
जय भीम आणि आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. आधी काही करायचं होतं, मग लिहायचं होतं.

परवा कडूबाला घेऊन उंबरघळीला गेलो. आत गेलो. कपार आहे तशीच आहे, झरा बारीक झाला आहे पण आहे. तुझा कागद मांडीवर घेऊन खाली बसलो. बऱ्याच वेळानं नर आला आणि माझ्यापासून दहा हातांवर बसला. त्याचा गळा फुगला की मी कागदावर बोट टेकायचो आणि रेघेवरून सरकवायचो. चार-पाचदा चुकलं, मग जमलं. शेवटची रेघ वर जाते तेव्हा तो मान उचलतो. मागं कडूबा उभा होता. त्यानं खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाला, "बरुबर हाये, काका. आसंच गातं ते." मी रडलो. ते कडूबानं बघितलं, मला लाज वाटली नाही.

आज विहारात वंदनेनंतर मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. साहेब, मादी, पिल्लं, आबा, सगळं. लोक खाली बघत होते. मला वाटलं आता उठून जातील. कुणी उठलं नाही, पण कुणी माझ्याकडं बघेनाही. वच्छलाबाई माझ्याजवळ आल्या, मला ऐकू यावं म्हणून कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "भाऊ, चाळीस वर्सं तुमचं ओझं मी वाह्यलं व्हय? घ्या आता तुमचं तुम्ही." आणि त्या खाली जाऊन बायांमध्ये बसल्या.

मग मी हात जोडले आणि पाणातिपाता वेरमणी म्हणालो. माझा आवाज मला ऐकू आला नाही, मोठा निघाला की बारीक तेही कळलं नाही. समोर सगळ्यांचे ओठ हलले. त्यावरून समजलं की पहिलं शील लोकांनी माझ्या मागून म्हटलं.

काकू म्हणते, या वेळी सुट्टी जास्त काढून ये.

तुझा
काका